रेडिओलहरींचा शेजारधर्म

उपग्रहाद्वारे थेट घरोघरी इंटरनेट पुरविण्याच्या योजना भारतात आकार घेऊ लागल्यापासून एक वाद सातत्याने कानांवर येत आहे. ज्या रेडिओलहरींवरून ही सेवा चालावयाची, त्या लहरी कंपन्यांना लिलावाने द्याव्यात की शासनाने ठरविलेल्या दराने वाटून द्याव्यात, हा तो वाद होय. जमिनीवर टॉवर उभारून मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्या म्हणतात की, आम्ही लिलावात हजारो कोटी रुपये मोजले. मग आकाशातून तशीच सेवा देणाऱ्यांना वेगळा न्याय का? उपग्रह कंपन्यांचे उत्तर असे की, आमच्या लहरी कोणा एकाच्या हाती राहूच शकत नाहीत, त्या अनेकांनी मिळूनच वापरावयाच्या असतात. मग लिलाव कशाचा करणार? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि या वादात पैशाचा प्रश्न इतका मोठा झाला आहे की, त्याहून मूलभूत असा दुसरा प्रश्न त्याच्याआड दडून गेला आहे. एकाच लहरपट्ट्यात, किंवा अगदी लागून असलेल्या पट्ट्यांत, दोघातिघांनी नांदावयाचे ठरले तर कोणी कोणाला किती सांभाळून घ्यावयाचे, त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि नियम मोडला गेला की नाही हे कोणी मोजावयाचे? या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाल्याखेरीज लिलाव की वाटप या वादाचा निकाल कसाही लागला तरी सामान्य माणसाच्या पदरात फारसे काही पडणार नाही.

लहरींना कुंपण नसते

रेडिओलहरींच्या पट्ट्याला आपण जमिनीची उपमा देतो. पण ही उपमा एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. शेताला बांध घालता येतो, लहरींना घालता येत नाही. एखाद्या प्रक्षेपकाला अमुक ते अमुक मेगाहर्ट्झ एवढी जागा नेमून दिली तरी त्याच्या शक्तीचा काही अंश शेजारच्या पट्ट्यात पाझरतोच. उलट, ऐकणारे यंत्रही काटेकोर नसते. त्याला नेमून दिलेल्या पट्ट्याबाहेरचा मोठा आवाज त्याच्या कानी पडतो आणि त्या गोंगाटात त्याला हवा असलेला क्षीण आवाज बुडून जातो. रेडिओसंपर्कातील तंटे बहुधा या दोन कारणांनीच उद्भवतात.

उपग्रहाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, याचे कारण अंतर. पृथ्वीवरून स्थिर भासणारे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे बाकी सारे समान धरले, तर १ किलोमीटरवरील टॉवरचा संदेश ३६ हजार किलोमीटरवरील उपग्रहाच्या संदेशापेक्षा सुमारे १३० कोटी पट प्रबळ ठरतो. हे अंतर भरून काढण्यासाठीच जमिनीवर मोठी डिश बसवून ती नेमकी उपग्रहाकडे रोखावी लागते. कुजबुज ऐकण्यासाठी कान टवकारून बसलेल्या माणसाच्या शेजारी कोणी ढोल वाजवू लागावा, तशी टॉवर आणि भूकेंद्र यांची गाठ असते.

दोन्ही सेवांच्या स्वभावातील फरकही येथे ध्यानात घ्यावयास हवा. मोबाइल संच कोठेही असतो आणि तो चारी दिशांना बोलतो. म्हणून एका गावात एका पट्ट्यात एकाच कंपनीला वाव देणे सोयीचे पडते, आणि अशा एकहाती हक्काचा लिलावही करता येतो. उपग्रहाकडे रोखलेली डिश मात्र आकाशाचा लहानसा तुकडाच पाहते. त्यामुळे आकाशाच्या वेगवेगळ्या भागांतील अनेक उपग्रह तीच वारंवारता एकाच प्रदेशात वापरू शकतात. ती एकालाच विकणे म्हणजे इतरांना विनाकारण दूर ठेवणे होय. उपग्रह कंपन्यांच्या युक्तिवादाचा हा शास्त्रीय पाया आहे आणि तो बळकट आहे.

जिनिव्हातील तडजोड

उपग्रह आणि जमिनीवरील सेवा यांनी एकत्र नांदण्याची कल्पना आजची नव्हे. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने जिनिव्हा येथे अंतराळसंपर्काविषयी खास परिषद भरविली. उपग्रहांना हव्या असलेल्या ४ आणि ६ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यांत तेव्हा टेलिफोनची मायक्रोवेव्ह जाळी आधीच वसली होती. त्यांना उठवून लावणे शक्य नव्हते, आणि उपग्रहांना नकार देणेही शहाणपणाचे नव्हते. म्हणून दोघांवर बंधने घालण्यात आली. उपग्रहाने पृथ्वीच्या पृष्ठभागावर ठरावीक मर्यादेपलीकडे शक्ती टाकू नये. मायक्रोवेव्ह केंद्रांनी आपली शक्ती आवरावी. आणि भूकेंद्र उभारण्यापूर्वी आसपासच्या केंद्रांशी, सरहद्दीजवळ असल्यास शेजारी देशाशीही, विचारविनिमय करावा, अशा स्वरूपाची ती व्यवस्था होती. पुढच्या परिषदांनी तिच्यात भर घातली. पण तिचा गाभा कायम राहिला.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी उभे राहिलेले विक्रम भूकेंद्र याच व्यवस्थेच्या आधारावर परदेशांशी टेलिफोन जोडून देत असे. ही तडजोड दीर्घकाळ टिकली, कारण तिच्यात कोण कोणाला किती त्रास देऊ शकतो हे आकड्यांत लिहिले होते आणि ते आकडे सर्वांसमोर होते. दोन्ही बाजूंना काही सोडावे लागले. पण काय सोडावे लागणार हे आधी ठाऊक होते.

शेजारी बदलतात

अडचण अशी की, वस्ती बदलत राहते. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने भारताने साइट हा प्रयोग केला आणि सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविली. तो उपग्रह ८६० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत असे. आज त्याच टापूतील पट्टे मोबाइल सेवेच्या कामी आले आहेत. तंत्र बदलले, गरज बदलली आणि जागा दुसऱ्याकडे गेली. यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, जुना रहिवासी जागा सोडीपर्यंत, किंवा शेजारी म्हणून राहील तोवर, त्याच्याशी कसे वागावयाचे?

याचे आजचे उदाहरण ५-जीचे आहे. भारतात २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल कंपन्यांना देण्यात आला. ३७०० ते ४२०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात उपग्रहांकडून दूरचित्रवाणीच्या वाहिन्या केबलचालकांच्या डिशवर उतरतात. मधे अंतर अवघे ३० मेगाहर्ट्झचे. जुन्या डिशवरील यंत्रे ३४०० मेगाहर्ट्झपासूनच्या लहरी आत घेतात; तेव्हा शेजारी टॉवर उभा राहिला की त्यांचे कान बधिर होण्याचा धोका असतो. फिल्टर बसविला की धोका टळतो. फिल्टर ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. पण तालुक्याच्या गावी केबलचा धंदा करणाऱ्याने तो स्वखर्चाने का बसवावा, आणि न बसविल्यास दोष कोणाचा, याचा निवाडा आधी झालेला असावयास हवा.

अमेरिकेने याच पट्ट्याच्या बाबतीत एक गोष्ट चांगली केली आणि दुसरीत ती चुकली. ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झचा पट्टा उपग्रहांकडून मोकळा करून घेऊन २०२०-२१ मध्ये त्याचा लिलाव झाला. एकूण बोली सुमारे ८१ अब्ज डॉलरांची झाली. उपग्रह कंपन्यांच्या स्थलांतराचा खर्च आणि लवकर जागा सोडल्याबद्दल ९.७ अब्ज डॉलरांपर्यंतची रक्कम लिलाव जिंकणाऱ्यांनी द्यावी, हे आधीच ठरले होते. नव्या रहिवाशाने जुन्याचे नुकसान भरून द्यावे, हे तत्त्व तेथे पाळले गेले. परंतु त्यापलीकडे ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झमध्ये विमानांचे उंचीमापक काम करीत असतात, त्यांचा प्रश्न लिलावापूर्वी सुटला नाही. दूरसंचार खाते आणि विमानवाहतूक खाते एकमेकांशी वाद घालीत राहिले. परिणामी १९ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियासह अनेक विमान कंपन्यांना अमेरिकेची उड्डाणे रद्द करावी लागली किंवा विमाने बदलावी लागली. लिलाव चांगला झाला म्हणजे नियमन चांगले झाले, असा समज बाळगणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. आपल्या दूरसंचार विभागाने त्यापासून बोध घेऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये, धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि तिच्या मध्यरेषेपासून ९१० मीटर अंतरात या पट्ट्यातील ५-जीची केंद्रे उभारू नयेत, असा आदेश काढला. हे योग्यच झाले. पण तोवर आपल्याकडील लिलावही उरकला होता.

ज्यांना बोली लावता येत नाही

टॉवरवाले आणि उपग्रहवाले यांच्या भांडणात तिसऱ्या एका वर्गाची आठवण क्वचितच होते. हा वर्ग लहरी पाठवीत नाही, फक्त ऐकतो. हवेतील बाष्प २३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अत्यंत मंद अशी नैसर्गिक लहर सोडते आणि हवामानाचे उपग्रह ती ऐकून वातावरणात बाष्प किती आहे हे सांगतात. पावसाच्या अंदाजाला या मापनाचा आधार असतो. याच्या लगतच २४.२५ गिगाहर्ट्झपासून ५-जीसाठी पट्टा देण्यात आला. भारतातही तो २०२२ मध्ये लिलावात होता. २०१९ मध्ये इजिप्तमधील शर्म-अल-शेख येथे झालेल्या जागतिक रेडिओसंपर्क परिषदेत या पट्ट्यातून बाहेर पाझरणाऱ्या शक्तीवर मर्यादा घालण्यात आल्या आणि १ सप्टेंबर २०२७ नंतर उभारल्या जाणाऱ्या यंत्रणेसाठी त्या अधिक कडक होणार आहेत. मोबाइल सेवा एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात हलविता येते; बाष्पाला तसे सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण घरचेच आहे. आर्वीपासून जवळच खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली विशाल रेडिओदुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. ही जागा निवडण्यामागे एक महत्त्वाचे कारण म्हणजे तेथील रेडिओशांतता. पण डोंगर आडवे आले तरी ते जमिनीवरील गोंगाट अडवितात, डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहांना अडवीत नाहीत. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील लोफर या रेडिओदुर्बिणीच्या साह्याने शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, स्टारलिंकच्या उपग्रहांतील विद्युत उपकरणांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झ या टापूत नकळत लहरी पाझरत आहेत. या टापूचा मोठा भाग खोडदची दुर्बीणही ऐकते. या लहरी कोणत्याही परवान्यात लिहिलेल्या नव्हत्या. वेधशाळा आणि दुर्बीण यांना लिलावात बोली लावता येत नाही आणि त्यांच्या वतीने जाहिरातीही झळकत नाहीत. त्यांची बाजू मांडणारा कोणी नियमनाच्या रचनेतच असावा लागतो.

किमतीचा प्रश्न

आता लिलावाच्या वादाकडे वळू. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक अधिकारसंस्थेने नियंत्रित केला पाहिजे, असा निर्वाळा दिला. न्या. पी. बी. सावंत यांनी त्या निकालपत्रात केलेले विवेचन आजही मार्गदर्शक आहे. पुढे २ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने मोबाइलचे १२२ परवाने रद्द केले, आणि 'प्रथम येईल त्यास प्रथम' ही पद्धत किती घातक ठरू शकते हे देशाला कळले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या विचारणेवर मत देताना न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, प्रत्येक नैसर्गिक संपत्तीचा लिलावच केला पाहिजे असे संविधान सांगत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने लिलाव हा सर्वसाधारण नियम ठरविला आणि हवामान, आपत्तिनिवारण व ठरावीक उपग्रहसेवा यांच्यासाठी पहिल्या अनुसूचीत अपवाद केला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ९ मे २०२५ रोजी केलेल्या शिफारशींत उपग्रह कंपन्यांकडून समायोजित महसुलाच्या ४ टक्के आकार घ्यावा, स्थिर नसलेल्या उपग्रहांच्या घरगुती सेवेसाठी शहरी ग्राहकामागे वर्षाला आणखी ५०० रुपये घ्यावेत आणि वाटप ५ वर्षांचे असावे, असे सुचविले.

टॉवरवाल्या कंपन्यांना हा दर कमी वाटला. त्यांच्या तक्रारीचा विचार करताना एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. लिलावाचा आग्रह धरणाऱ्या रिलायन्स जिओने, आणि शहरांत सेवा देणाऱ्या उपग्रह कंपन्यांनी लहरी विकत घ्याव्यात असे म्हणणाऱ्या एअरटेलने, मार्च २०२५ मध्ये लागोपाठच्या दोन दिवशी स्टारलिंकशीच सेवावितरणाचे करार जाहीर केले. व्यापारात असे होतच असते; त्यात नैतिकतेचा प्रश्न आणण्याचे कारण नाही. पण आज प्रतिस्पर्धी असलेले उद्या भागीदार होऊ शकतात, तेव्हा नियमनाची रचना त्यांच्या आजच्या भांडणावर उभी करू नये, एवढा धडा त्यातून घ्यावयास हवा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम यांसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम भागासाठी स्टारलिंकशी इरादापत्रावर सही केली. ज्या पाड्यावर टॉवर उभारणे कोणत्याही कंपनीला परवडत नाही, तेथे उपग्रह हा खरा दिलासा ठरू शकतो. पण शिक्षकाचा किंवा आरोग्यसेविकेचा पगार पाहता तो दिलासा त्यांच्या आवाक्यात असला पाहिजे. लहरी स्वस्त देण्याचे समर्थन याच एका कसोटीवर होऊ शकते. शासनाने सोडून दिलेला महसूल त्या पाड्यांवरील शाळेत आणि दवाखान्यात दिसावयास हवा; नाहीतर ती केवळ एका उद्योगाला दिलेली देणगी ठरेल.

मोजणारा कोण?

यापुढचा काळ अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण उपग्रह आता डिशशिवाय थेट खिशातील मोबाइलशी बोलू लागले आहेत. वर सांगितलेला फरक, म्हणजे टॉवरला एकहाती हक्क आणि उपग्रहाला सामाईक, येथे पुसट होतो. कारण उपग्रह मोबाइल कंपनीच्याच पट्ट्यात उतरतो. अमेरिकेच्या नियामकाने मार्च २०२४ मध्ये यासाठी नियम केले आणि वर्षभरातच, इतर मोबाइल कंपन्यांचा विरोध असतानाही, पट्ट्याबाहेर पाझरणाऱ्या शक्तीची मर्यादा स्टारलिंकसाठी अटींसह सैल केली. २०२७ च्या जागतिक परिषदेपुढेही हा विषय आहे. तेथे भारताने काय भूमिका घ्यावी याची चर्चा आजच उघडपणे व्हावयास हवी.

या दृष्टीने तीन गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, सेवा सुरू होण्यापूर्वी उपद्रवाची मर्यादा आकड्यांत लिहून प्रसिद्ध करावी. नव्याने येणाऱ्याने जुन्याचे रक्षण करावे आणि त्याचा खर्च द्यावा, हा सामान्य नियम असावा. पण जुन्यानेही गचाळ यंत्रे वापरून जन्मभर संरक्षण मागू नये, त्याला सुधारणेसाठी मुदत असावी. दुसरी, मापन सतत व्हावे आणि त्याचे निष्कर्ष जनतेला पाहावयास मिळावेत. मापनाची साधने आपल्याकडे मुळीच नाहीत असे नव्हे. उपग्रहांच्या लहरींवर देखरेख ठेवणारे केंद्र सरकारचे भूकेंद्र आपल्या जालन्यातच आहे. अमेरिकेत ३.५५ ते ३.७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात नौदलाची रडारयंत्रे आणि खासगी वापरकर्ते एकत्र नांदतात. किनाऱ्यावरील संवेदक रडार चालू झाल्याची खूण ओळखतात आणि संगणकीय व्यवस्था त्या भागातील इतरांना दुसरीकडे हलविते. २०२० पासून हे व्यवहारात चालू आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. आज लहरी वाटणारी, त्यावर देखरेख ठेवणारी आणि त्यांचा महसूल जमा करणारी यंत्रणा एकाच दूरसंचार विभागाच्या छताखाली आहे. ज्याच्या तिजोरीत पैसा जमा होतो त्यानेच शेजाऱ्यांच्या तंट्यात पंच व्हावे, ही रचना निर्दोष म्हणता येणार नाही. उपद्रवाच्या तक्रारींची तांत्रिक चौकशी करण्यासाठी स्वतंत्र पीठ असावे आणि त्यावर हवामानशास्त्र, खगोलशास्त्र, विमानवाहतूक व ग्राहक यांचे प्रतिनिधी असावेत. वाटप पाच वर्षांचे असले म्हणजे दर मुदतीला हिशेब मागता येतो, ही प्राधिकरणाच्या शिफारशीतील मोठी जमेची बाजू आहे. तो हिशेब मागण्यासाठी मापनाचे कागद मात्र हाताशी असावे लागतात.

लिलावातून येणारा पैसा एकदा येतो आणि अर्थसंकल्पात विरून जातो. शेजाऱ्यांनी कसे नांदावे याचे नियम मात्र पिढ्यान्पिढ्या चालतात, हे १९६३ च्या तडजोडीने दाखवून दिले आहे. मालमत्ता जनतेची आहे असे न्यायालयाने सांगून तीन दशके उलटली. त्या मालमत्तेवर आता आकाशातून आणि जमिनीवरून एकाच वेळी रहिवासी येत असताना, तिच्या वापराची नोंदवही जनतेला उघडी करून देणे, एवढे तरी शासनाने करावे.